गैरहजरांची हजेरी

शाळा सोडून गेलेल्या पोरांचीही नावं मास्तरसाब रोज पुकारायचे. नाव घ्यायचे, दाराकडं बघून जरा थांबायचे, मग पुढचं नाव. आम्ही हसायचो. "मास्तरसाब, तो तर मजुरीला गेला की!" ते म्हणायचे, "गेला तर गेला. उद्या आला अन् नावच नसलं, तर बसंल कुठं?" माझं शिक्षण अर्धवट, पण आठवण पक्की आहे. आमच्या पिशोर गावात कुणी खोडून दाखवावं.

राज्य निजामाचं, शिकवणं उर्दूत. आमच्या घरी मराठी, म्हणून वरच्या वर्गात पोरं टिकत नसत. मास्तरसाब औरंगाबादचे, त्यांची घरची बोली उर्दूच. तरी गणित आधी मराठीत समजावायचे, अन् मग, "आता हेच सरकारच्या जबानीत सांग." छत गळकं, फळा तडकलेला, खुर्ची तीन पायांची. ते दिवसभर उभेच असत.

मी तेरा-चौदा वर्षांचा, लई हट्टी. पाढा चुकला म्हणून एकदा त्यांनी मला बारक्या पोरांत बसवलं. मी उठलो तो थेट घरी. "परत पाय ठेवणार नाय!" मास्तरसाब शेतावर आले. "सखाराम, राग माझ्यावर काढ. पुस्तकानं तुझं काय घोडं मारलं?" मी बैलाची पाठ चोळत राहिलो.

मग वरून कागद आला. तपासणीचे साहेब येणार. वरच्या वर्गात दहा पोरं नसली तर वर्ग बंद. येणारी होती नऊ. गावातले शहाणे म्हणाले, "कुणाचंबी पोर बसवा. साहेबाला काय कळतंय?" मास्तरसाब भडकले. "खोटी हजेरी? मग इतकी वर्षं मी काय पुकारत होतो?"

त्या दिवशी मी खिडकीबाहेर लिंबाखाली उभा. साहेब चावडीतून आणलेल्या खुर्चीवर. नऊ पोरं "हाजिर" म्हणाली. मग गेलेल्यांची नावं सुरू झाली. साहेब वैतागले, "बस करो, मास्टर!"

"और एक नाम है, हुजूर."

माझं नाव. मास्तरसाबांनी खिडकीतून माझ्याकडं बघितलं. दार दहा पावलांवर. एकदा 'ये' म्हणाले असते तर गेलो असतो, असं मी मनाशी धरून बसलो. ते 'ये' म्हणाले नाहीत. नाव मात्र दुसऱ्यांदा पुकारलं. तसं ते कधीच करत नसत. आतली नऊ पोरं मान वळवून माझ्याकडं बघायला लागली. साहेबांनी लेखणी उचलली.

"गैरहाजिर," मास्तरसाब स्वतःच म्हणाले.

वर्ग बंद झाला. नऊजण गुरांमागं लागले. त्यातला एक म्हातारपणीही मला म्हणायचा, "तुझ्या नाकापायी आम्ही अडाणी राहिलो, सख्या." त्याला मी कधी उलटून बोललो नाही.

मास्तरसाबांची बदली बिडकीनला झाली. कन्नडपर्यंत आमचीच बैलगाडी, हाकायला मीच. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सखाराम, त्या दिवशी तू एक पाऊल उचललं होतंस. मी पाहिलं."

मी तसूभरही हललो नव्हतो, अन् ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. खोटी हजेरी लावायची नाही म्हणून वर्ग घालवलेला माणूस तो.

"व्हय, मास्तरसाब," मी म्हणालो, अन् बैलं वळवली.