साक्षीच्या वेळी बोललेलं खोटं

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत उपदेशाआधी पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" ज्याला त्या आठवड्यात प्रभूचा हात जाणवला असेल तो उभा राहून चार वाक्यं सांगतो आणि बाकीचे 'आमेन' म्हणतात. लहानपणापासून मी हे बघत आलो आहे. अशाच एका रविवारी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मी सगळ्या मंडळीसमोर उभा राहिलो आणि धडधडीत खोटं बोललो. हे लिहितानाही हात अवघडतो, पण त्या खोट्यातूनच पुढे जे घडलं ते लपवून ठेवलं तर दुसरं खोटं होईल, म्हणून लिहितो.

माझी पत्नी रूथ हिला पॅरालिसिसचा झटका आला त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळी गेली. तीस वर्षं बालवाडीत शिकवलेली बाई. आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत कुणाचं पोर मोठ्याने रडलं तरी तिचा आवाज गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. ती गप्प झाली आणि आमची खोली अनोळखी झाली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. ते ऐकून मला धीर यायला हवा होता. मला भीती वाटली. सगळं समजणाऱ्या माणसाला मी रोज उचलणार, पुसणार, कपडे बदलणार, आणि तिला माझा वैताग दिसणार.

मी आयुष्यभर छापखान्यात पुस्तकबांधणी केली. घरात चहासुद्धा कधी केला नव्हता. आता पहाटे नळाला पाणी आलं की माझा दिवस सुरू व्हायचा. पिंप भरा, तिचं डायपर बदला, पाठीला पावडर लावा, पेज शिजवा, ती डाव्या गालातून चमच्याचमच्याने भरवा, ठसका लागला की थांबा, दर दोन तासांनी कूस बदला. मधेच तिच्याच शाळेतले चित्रांचे तक्ते समोर धरून मी म्हणायचो, "म्हण, आंबा." ती तोंड वेडंवाकडं करायची, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी मान फिरवायची. मुलगी स्मिता पुण्याला नोकरी करते. तिचा रोज फोन यायचा आणि मी रोज सांगायचो, सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस. मंडळीतली माणसंही विचारायची, कसं आहे? मी म्हणायचो, प्रभूच्या कृपेने बरं आहे. बरं काहीही नव्हतं. मी प्रार्थनेला बसायचो तेव्हा शब्द भिंतीवर आपटून परत यायचे. देव ऐकतो यावर माझा विश्वास उरला नव्हता, आणि तसं कुणाला सांगायची ताकदही उरली नव्हती.

त्या रविवारी शेजारच्या तावडेवहिनी नेहमीसारख्या रूथजवळ बसल्या होत्या, म्हणून मी उपासनेला जाऊ शकलो. साक्षी सुरू झाल्या. एकाचा मुतखडा पडला होता. एकीच्या मुलाला व्हिसा मिळाला होता. सगळे आनंदाने आमेन म्हणत होते. आठ महिने माझ्या घराचं नाव प्रार्थनेच्या यादीत होतं आणि मला सांगण्यासारखं एक वाक्य मिळालं नव्हतं. पाळकसाहेबांनी सहज माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. 'प्रार्थनेत आमची आठवण असू द्या' एवढंच म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "काल संध्याकाळी रूथने माझ्याबरोबर प्रभूची प्रार्थना म्हटली."

खरं एवढंच होतं की आदल्या संध्याकाळी मी एकटा प्रार्थना म्हणत होतो आणि शेवटी तिच्या तोंडून 'आ' असा काहीतरी आवाज आला. तो आमेन असावा असं मला वाटलं. नीट आठवलं तर ती जांभई होती.

मंडळीत असा आमेन उठला की खिडकीवरची कबुतरं उडाली. बाया रडायला लागल्या. भर उपासनेत टाळ्या वाजल्या. मी खाली बसलो, आणि लाज वाटते सांगायला, पण आठ महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं चर्चच्या फाटकापर्यंत टिकलं. फाटकात पाळकसाहेबांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवू. सगळे येऊ. रूथबाईंच्या तोंडून एकदा ऐकू द्या आम्हाला."

घरी पोहोचेपर्यंत बातमी पुण्याला गेली होती. मोबाइलवर कुणीतरी आशीर्वादाच्या चित्रांसह पाठवली होती. स्मिताचा फोन आला, ती हुंदके देत होती. "पप्पा, तुम्ही मला सांगितलं का नाही? आईला फोन द्या. एकदाच आवाज ऐकू दे." मी म्हटलं, ती झोपली आहे. रूथ टक्क जागी होती आणि माझ्याकडे बघत होती. संध्याकाळी परत फोन आला तेव्हाही मी तिला झोपवलं. तिसऱ्या दिवशी स्मिता म्हणाली, "राहू दे, मी रजा टाकलीय. शुक्रवारी येतेच."

ते चार दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. मंडळीत माझी अब्रू जाणार ही भीती होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट हळूहळू ध्यानात आली. पंचवीस माणसांसमोर परीक्षा माझी नव्हती, तिची होती. बोल म्हणणार तिला, आणि बोलता येणार नव्हतं तिलाच. मी खोटं बोललो आणि ते खरं करून दाखवायचं ओझं तिच्या गळ्यात बांधलं होतं. दोनदा पाळकसाहेबांना फोन लावला आणि दोनदा कापला. तक्ते काढून मी तिच्यामागे लागलो. "रूथ, फक्त आमेन म्हण. तीन अक्षरं." ती प्रयत्न करायची. गुरुवारी मी तिच्यावर ओरडलो. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि मी हातातला तक्ता कपाटामागे टाकून दिला.

शुक्रवारी तावडेवहिनींनी आपल्या घरच्या सतरंज्या आणि खुर्च्या आणून मांडल्या. वर्षानुवर्षांची शेजारीण, मालवणकडची, तोंडाने फटकळ. "भावजी, चेहरा असा काय पाडलाय ओ? आनंदाची गोष्ट ना?" मी खुर्च्या सरळ करत राहिलो. सहाला माणसं यायला लागली. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला. बाया आत, पुरुष गॅलरीत, पेटी दारात. पाळकीणबाईंबरोबर त्यांची एक म्हातारी मावशी आली होती, जालन्याहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेली. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिला रूथच्या कॉटवरच टेकवलं. एक गीत झालं. दुसरं चालू असताना स्मिता आली, दादरला बसमधून उतरून तडक, पाठीवर बॅग तशीच. कॉटजवळ गुडघ्यांवर बसून तिने आईचे दोन्ही हात धरले. गीत थांबलं.

"आई, बोल ना," ती म्हणाली. "मला नुसतं स्मिते म्हण."

रूथचे ओठ हलले. मान ताठ झाली, कपाळावर घाम आला, घशातून घुसमटल्यासारखा आवाज निघाला. तिने परत प्रयत्न केला. मग तिची नजर स्मितावरून उठली आणि मला शोधत आली. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी सहन केला असता. ती माझ्यासाठी प्रयत्न करत होती, मला वाचवायला.

मी म्हणालो, "थांब रूथ. नको." आणि मग सगळ्यांना म्हणालो, "ती बोलत नाही. बोललीच नव्हती. मी खोटी साक्ष दिली."

गॅलरीतल्या पुरुषांना ऐकू गेलं नसावं, कारण तिथून कुणीतरी हळूच "आमेन" म्हणालं. स्मिता उठून उभी राहिली. "पप्पा, मी ऑफिसात पेढे वाटले." मी इतकंच म्हणालो की मी दमलो आहे. हे वाक्य मी आठ महिन्यांत कुणापाशीच बोललो नव्हतो, देवापाशीसुद्धा नाही. म्हणालो आणि ढसाढसा रडायला लागलो.

तेवढ्यात रूथने डावा हात उचलला आणि बोटांनी मला जवळ बोलावलं. मी कॉटपाशी जाऊन वाकलो. मला वाटलं डोक्यावरून हात फिरवेल, माफ करेल. तिने माझा कान पकडला आणि बालवाडीतल्या पोराचा पिळावा तसा चांगला करकचून पिळला. मी "आई गं!" म्हणून ओरडलो. आणि रूथ हसली. वाकडं, एका बाजूने, पण आवाज करून हसली. दारातून तावडेवहिनी म्हणाल्या, "गे बाय माझे, बरोबर केलंस," आणि मग सगळी खोलीच हसायला लागली. स्मिताही हसली, रडता रडता. माझ्यावरचा तिचा राग त्या दिवशी गेला नाही, त्याला पुढे काही आठवडे लागले, पण ती पुन्हा आईजवळ बसली.

पुढचं मी जसं घडलं तसं सांगतो. जालन्याच्या आजी इतका वेळ रूथच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मधेच त्या म्हणाल्या, "अरं लेकरा, हिचे केस कवा धुतलेस?" आठ महिन्यांत लोकांनी मला खूप प्रश्न विचारले होते. बीपी किती, फिजिओ कोण, विश्वासाने मागताय ना. हा कुणीच विचारला नव्हता. मी म्हणालो, आजी, मला जमत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. पाणी कानात जाईल, ठसका लागेल याची भीती वाटते. म्हातारी म्हणाली, "पाणी तापव. अन् बाप्यांनो, तुम्ही भायेर व्हा." पाळकसाहेबही निमूट बाहेर झाले. उपकारस्तुती तिथेच संपली.

मी गॅलरीत कठड्याला टेकून उभा होतो. आतून पडद्याआड बादल्यांचे आवाज येत होते, आजी सांगत होत्या, "मान अशी धर, पोरी, खांद्याखाली उशी दे," आणि स्मिता "हो आजी" म्हणत होती. धड दिसत नसलेली बाई हाताच्या अंदाजाने सगळं करून घेत होती. नंतर कळलं की तिने आपल्या नवऱ्याची अंथरुणातली नऊ वर्षं काढली होती. दार उघडलं तेव्हा रूथ उशीवर टेकून बसली होती, केस पाठीवर मोकळे, खोलीभर शिकेकाईचा वास. डोळे मिटले होते आणि चेहरा सैल पडला होता. एवढी निवांत मी तिला झटका आल्यापासून पाहिली नव्हती.

निघताना सगळ्यांनी रूथसाठी प्रार्थना केली. जालन्याच्या आजी मात्र चाचपडत माझ्याकडे आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "प्रभू, ह्याला झोप दे." आठ महिन्यांत माझ्यासाठी कुणी काही मागितलं नव्हतं, आणि मागावं असं मी कुणाला कळूही दिलं नव्हतं. स्मिता म्हणाली, पप्पा, आडवे व्हा, मी आहे. साडेसात वाजले होते, गॅलरीत अजून लोक चपला शोधत होते, आणि मी कपडे न बदलता जमिनीवर झोपलो तो सकाळीच उठलो. नळ येऊन गेला होता. पिंप भरलेलं होतं. तावडेवहिनी म्हणाल्या, "घोरत होता ओ भावजी, सगळ्या चाळीला कळलं."

आजींचं ऑपरेशन झालं आणि त्या जालन्याला परत गेल्या. त्या देवदूत होत्या असं मी म्हणणार नाही. चहा अगोड झाला म्हणून त्या जाता जाता मला बोलल्याही होत्या. पण ज्या खोट्याची मला एवढी लाज वाटते, त्याच्याच पायी त्या माझ्या घरात आल्या, हे मी विसरू शकत नाही. त्याची संगती लावायला मी जात नाही. आता दर गुरुवारी मंडळीतल्या दोघीजणी येतात, रूथचे केस धुतात, आणि मी दोन तास गिरगावच्या समुद्रावर जाऊन नुसता बसतो. स्मिता महिन्यातून दोनदा येते आणि मला फोनवर खरं सांगायला लावते.

रूथ बोलत नाही. डॉक्टरांनाही आता फारशी आशा नाही. पूर्वी मी देवाकडे जायचो तेव्हा काहीतरी चांगलं सांगायला हवं, निदान चांगलं मागायला तरी हवं, असं वाटायचं. रिकाम्या हाताने जाता येतं हे मला माहीतच नव्हतं. आता संध्याकाळी तिच्या कॉटपाशी बसून मी म्हणतो, प्रभू, ती बोलत नाही, मी दमलो आहे, आणि आम्ही दोघं तुझ्यापुढे आहोत. तिच्याविषयी याहून जास्त काही सांगत नाही. मग तिच्याकडे बघतो. ती मान हलवते, आणि तेव्हाच, तिच्या वतीने, मी आमेन म्हणतो.