फक्त हिराबाईंना चावणाऱ्या पिसवा

फुलेवाडीत आमच्या भिंतीला भिंत लागून हिराबाईंचं घर आहे. चैत्र लागला की त्यांच्या दारावरून जाणारा माणूस शिंकतोच. सोप्यात शहाबादी फरशीवर मिरच्यांचा ढीग पडलेला असतो आणि त्या पाय पसरून देठं खुडत बसलेल्या असतात. खोबरं, तीळ, धणे भाजायचं, सगळं कांडपाच्या डंकावर कुटून आणायचं आणि अर्ध्या गल्लीची वर्षाची चटणी करून द्यायची, हे त्यांचं काम. नवरा शिवय्या एका कारखान्यात लेथवर होते, आता निवृत्त. मुलगा वीरेश कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे आणि बायकोमुलांसह कागललाच राहतो. इथं हे दोघं, गब्रू नावाचा तांबडा कुत्रा आणि साखरी नावाची मांजर.

हिराबाई अशा बाई, की त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक असतं. दूध का नासलं, भाकरी का फुगली नाही, कुणाच्या सुनेनं माहेरचा मुक्काम का वाढवला, सगळ्याचं उत्तर तयार. म्हणून त्या दिवशी त्या लुगडं घोट्याच्या वर धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे काय झालंय बघ गं, मला काय कळंना," तेव्हा मला आश्चर्य वाटलं. दोन्ही घोट्यांभोवती लाल बारीक गांधी उठल्या होत्या, ओळीनं, जणू कुणी टाचणीनं टोचत गेलंय.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता. चटणीचं म्हटल्यावर त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. मिरचीची आग आहे, हातमोजे घाला, असं सांगून मलम दिलं. हिराबाईंनी हातमोजे घातले. हात आधीपासूनच बरे होते. पाय खाजतच राहिले.

शिवय्या त्याच सोप्यात, त्याच फरशीवर, बनियन आणि अर्ध्या चड्डीवर दिवसभर बसलेले असत. त्यांच्या अंगावर एक डाग नव्हता.

"मला कसं काय चावत न्हाय?" ते म्हणायचे. "तुला भास व्हायलाय."

"भासानं रगात येतं व्हय?" हिराबाई पाय दाखवायच्या.

"खाजवून येतंय."

हिराबाईंना स्वतःलाही शंका येऊ लागली. एक दिवस मला हळूच म्हणाल्या, "खरंच भास असंल का गं? वय झालं म्हनायचं."

मग एकदा पांढऱ्या पलंगपोसाची घडी घालताना त्यांना एक काळा ठिपका दिसला. बोट लावलं तर ठिपका उडाला. त्यांनी ओल्या साबणाची वडी दाबून त्याला पकडलं आणि तशीच वडी घेऊन नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या. शिवय्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पिसूच की ही." एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले.

भास नाही हे कळल्याचं समाधान हिराबाईंना फार वेळ मिळालं नाही. ज्या घरातून लोक खायची चटणी नेतात त्या घरात पिसवा, ही गोष्ट बाहेर गेली तर काय, या विचारानं त्या हबकल्या. गिऱ्हाइकाला आत घेणं त्यांनी बंद केलं. डबा दारातूनच घ्यायचा आणि दारातूनच द्यायचा. बायकांना वाटलं, हिराबाईंना काहीतरी राग आलाय.

संशय अर्थातच गब्रूवर गेला. त्याला परसात बांधून कडुलिंबाच्या पाण्यानं घातली अंघोळ, मग दुकानातल्या साबणानं. त्याचे केस पालथे करकरून मी आणि हिराबाई दोघींनी बघितलं. चुकून एखादी सापडायची, कधी तीही नाही. साखरीकडं कुणी बघितलं नाही. ती दिवसभर जीभ फिरवून अंग स्वच्छ ठेवणारी. तिच्यावर कोण संशय घेणार?

उपाय सांगणारे कमी नव्हते. फरशीच्या भेगांत मीठ घाल, कापूर ठेव, तंबाखूचं पाणी शिंपड, घासलेटानं पुस. गावाकडची जाऊबाई म्हणाली, कडुलिंबाचा धूर कर. हिराबाईंनी एकेक करून सगळं केलं. गोंधळ असा, की प्रत्येक उपायानं फरक पडायचा. चारदोन दिवस पाय शांत असायचे, हिराबाई म्हणायच्या, "कापरानंच गेल्या बघ." आणि हे म्हणून होतंय न होतंय तोच पुन्हा गांधी. मग फवारणीवाला आला. सामान बाहेर काढून, भिंतीच्या कडेकडेनं औषध मारून गेला. त्यानंतर बऱ्यापैकी शांतता होती. हिराबाईंनी नव्यानं मिरच्या सोप्यात पसरल्या, आणि पहिल्याच दिवशी उठल्या त्या पाय खाजवतच.

"औषध खोटं का मी खोटी?" त्या मला म्हणाल्या.

शेवटी शिवय्यांनी तोडगा काढला. घर बंद करायचं. माणूस नाही, कुत्रं नाही, मग पिसवा खातील काय? उपाशी मरतील. हे ऐकायला इतकं बरोबर वाटत होतं, की मलाही पटलं. गब्रूला वीरेश कागलला घेऊन गेला. साखरीला दूध घालायचं काम माझ्याकडं आलं. ती आमच्या ओट्यावर राहिली. नवराबायको कुरुंदवाडला हिराबाईंच्या माहेरी गेले. तिथं त्यांचे पाय बरे झाले. फोनवर आवाजसुद्धा मोकळा वाटायचा.

परत आले तेव्हा मी दारातच होते. हिराबाईंनी कुलूप काढलं, दोघं आत गेले, खिडक्या उघडायला म्हणून सोप्यातून चालले. शिवय्या प्रवासाचा पांढरा लेंगा घालून होते. सोप्याच्या मध्यावर ते थांबले. लेंग्यावर गुडघ्यापर्यंत काळे ठिपके चढत होते. मिरी उधळावी तसे. त्यांनी ते झटकले, झटकले तेवढे पुन्हा चढले. दोघं बाहेर ओट्यावर येऊन बसले.

"खायाला काय नव्हतं की," शिवय्या म्हणाले. "मग वाढल्या कशा?"

हिराबाई लुगडं झटकत राहिल्या. मी त्यांच्या जागी असते, तर माझंच खरं निघालं म्हणून मिरवलं असतं. पण त्यांचा चेहरा इतका भांबावलेला होता, की त्यात मिरवायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वीरेश गब्रूला घेऊन आला. येताना कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या थेंबांची नळी आणली होती. गब्रूला औषध लावून तो कामावर निघून गेला. नळीत थोडं उरलं. इतके दिवस बायकोला वेडं ठरवल्याचं शिवय्यांना लागलं असावं. हातून काहीतरी चांगलं व्हावं म्हणून त्यांनी उरलेलं औषध साखरीच्या मानेवर सोडलं.

दुपारी साखरी थरथरायला लागली. आधी कान उडत होते, मग पाठ, मग सगळं अंग. तोंडातून लाळ गळत होती, चालायला गेली तर मागचे पाय पसरत होते. हिराबाईंनी तिला टॉवेलात गुंडाळलं, शिवय्यांनी रिक्षा थांबवली आणि मीही त्यात बसले. वाटेत शिवय्या एकच वाक्य म्हणत होते, "औषधच घातलं की मी. इख न्हाय घातलं."

जनावरांच्या डॉक्टर, नाव तेजस्वी, वयानं लहान होत्या. त्यांनी काय लावलं ते विचारलं, नळीवरचं नाव ऐकलं आणि लगेच कोमट पाणी आणि साबण घेऊन मांजर धुवायला घेतली. मग इंजेक्शन दिलं. कुत्र्याच्या त्या औषधातला एक घटक मांजराला सोसत नाही, असं त्या म्हणाल्या. साखरीला त्यांनी ठेवून घेतलं. संध्याकाळी फोन आला, थरथर कमी झाली आहे. शिवय्यांनी फोन ठेवून दुपारपासून पहिल्यांदा चहा मागितला.

साखरीला आणायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिच्या अंगातून काढलेली काळी भुकटी ओल्या कापसावर ठेवून दाखवली. कापूस तांबडा झाला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे प्यायलेलं रक्त. मांजर चाटून चाटून पिसवा गिळते, म्हणून तिच्या अंगावर दिसत नाहीत. ती झोपते कुठं, असं त्यांनी विचारलं. माळ्यावर, गोधड्यांच्या गठड्यावर, हिराबाईंनी सांगितलं.

"तिथनंच सगळं चाललंय," डॉक्टर म्हणाल्या. अंडी गोधडीत आणि फरशीच्या भेगांत पडतात. त्यातून अळ्या होतात, अळ्या कोष विणून आत बसतात. कोषाला फवाऱ्याचा फारसा त्रास होत नाही. घर रिकामं असलं की आत तयार झालेल्या पिसवा थांबून राहतात. माणसाच्या पावलांचा हादरा आणि ऊब लागली की एकदम बाहेर येतात.

"म्हंजे आम्ही गेलतो तवा त्या वाट बघत हुत्या?" हिराबाईंनी विचारलं.

"तसंच समजा."

"आन ह्यांना चावत न्हाईत, ते कसं?"

"चावतात की. त्यांच्या अंगावर गांध उठत नाही एवढंच."

शिवय्यांनी स्वतःच्या पायांकडं पाहिलं. त्यांना ते अजून पटलेलं दिसत नव्हतं.

मग काम सुरू झालं. मांजराला मांजराचं औषध, कुत्र्याला कुत्र्याचं, दर महिन्याला, न चुकता. गोधड्या उकळत्या पाण्यात. वीरेशच्या घरचं धूळ ओढायचं यंत्र आलं आणि शिवय्या रोज सकाळी त्यानं एकेक भेग साफ करू लागले. फवारणी पुन्हा एकदा, या वेळी माळ्यावरही, आणि तेवढा वेळ साखरी आमच्याकडं. डॉक्टरांनी बजावलं होतं, मध्येच जास्त दिसतील, घाबरू नका, कोष उघडतायत. आणि तशा दिसल्याही. हिराबाईंनी दोनदा सगळं सोडून द्यायची भाषा केली. पण घर सोडून जायचं नव्हतं, उलट कोष लवकर उघडावेत म्हणून घरात चालत राहायचं होतं. हे मात्र त्यांना शेवटपर्यंत उरफाटं वाटलं.

श्रावणात मी त्यांच्याकडं गेले तेव्हा दार उघडं होतं. आम्ही दोघी फरशीवर बसून शेंगा सोलत होतो. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की दोघींपैकी कुणीच पाय खाजवलेला नाही.

"गेल्या का हो?" मी विचारलं.

"गेल्याच म्हनायच्या. कवा गेल्या ते काय कळलं न्हाय."

"कशानं गेल्या?"

"ह्यांना वाटतंय यंत्रानं. वीरेश म्हनतोय फवाऱ्यानं. डॉक्टरीन बाई म्हनत्यात साखरीच्या औषधानं." त्यांनी एक शेंग फोडली, आतले दाणे परातीत टाकले. "मी समदंच करत ऱ्हातो. कुठलं सोडायचं ते कळंना झालंय."

माळ्यावरून साखरी उतरली आणि त्यांच्या पसरलेल्या पायांवर येऊन बसली. हिराबाईंनी तिची मान उलटी करून केसांत नीट पाहिलं, मग तिला तशीच बसू दिली.