उस्तादांची भिंत

इजिप्तमधल्या एस्ना शहरात हजला गेलेलं माणूस परतायच्या आत त्याच्या घराची भिंत रंगवायची, हे काम उस्ताद शाझलींचं. हजच्या प्रवासाची चित्रं: काबा, विमान, उंट. गल्लोगल्ली त्यांचीच चित्रं. दुसऱ्या कुणी काढलेला उंट दिसला, की उस्ताद भर रस्त्यात खेकसायचे, "पुसा ते गाढव!"

यंदा उस्ताद स्वतःच हजला गेले. परतले तर त्यांच्या भिंतीवर शेजाऱ्यांनी मिळून उंट काढलेला, थेट बकरीसारखा.

शेजारीण बदरिया चाचरत म्हणाली, "रागावू नका, हाजी. हा पुसून तुमच्या हातानं नवा काढा."

"खबरदार हात लावाल तर!" उस्ताद कडाडले. "उंटावरून हजला गेलेले गल्लीत ढीगभर आहेत. बकरीवरून गेलेला मी एकटाच!"