ओढ्यातली जीप आणि माझी पत्रकं

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास. कवठे येमाईजवळच्या आमच्या वस्तीवर ती आदल्या संध्याकाळपासून कळा देत होती. सुईणीनं हात टेकले, "शिरूरला न्या," म्हणाली. गावात धड जीप एकच, एका पुढाऱ्याची. तो ओट्यावरूनच म्हणाला, "चिखलात घालायला न्हाई घेतली गाडी." मतं मागायला हीच जीप त्याच चिखलातून आमच्या दारात आली होती.

दादा मुंबईला कामावर. मग मी, ओढ्यावर पूल मागणाऱ्या आमच्या मंडळाची, लिलावात घेतलेली जुनी उघडी जीप काढली. मागं आई आणि वहिनी. आई रोज बुद्धवंदना म्हणायची आणि मी रोज भांडायचो, "बुद्ध म्हणजे विचार. हात जोडून पूल होत नाही."

शिरूरच्या वाटेवरच्या त्या ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. मधोमध जीपचा जोर गेला. इंजिन चालू, पण अॅक्सिलरेटर दाबला की गुदमरायचं. बॉनेट उघडून मी डिस्ट्रिब्युटर आईच्या पदरानं पुसला, प्लग साफ केले, पेट्रोलची नळी फुंकली. पुन्हा तेच. पुढाऱ्याला, सरकारला, पेट्रोलवाल्याला, सगळ्यांना शिव्या दिल्या. मग वहिनीचं कण्हणं थांबलं आणि माझ्या शिव्याही संपल्या.

"भावजी," ती पुटपुटली, "त्रिसरण म्हणा की."

"बुद्धं सरणं गच्छामि" म्हटलं. तिसऱ्या वेळचं आईनं पुरं केलं. कुणी ऐकत असेल असं वाटलं नाही. फक्त एवढं कळलं, की आता माझ्या हातात काही नाही.

पलीकडून एक म्हातारे मुसलमान गृहस्थ लुंगी खोचून पाण्यात उतरले. दौंडला रेल्वेत इंजिनांवर जन्म गेलेला, लेकीकडं निघाले होते. "चालू कर," म्हणाले, आणि कान देऊन ऐकलं. "उभी हाय तवर नीट बोलती, जोर मागितला की गुदमरती. बेटा, हिला श्वास मिळंना."

बॉनेटखाली माझ्या पत्रकांचा गठ्ठा होता. उघड्या जीपमध्ये पावसानं भिजू नयेत म्हणून आम्ही सगळेच कार्यकर्ते तिथं ठेवायचो. पंख्यानं उडवलेल्या पाण्यानं कागद भिजले आणि इंजिनाला हवा पुरवणाऱ्या एअर क्लीनरच्या तोंडावर ओढले जाऊन चिकटले. प्लग काढताना उरलेला गठ्ठा मीच जपून त्या तोंडाकडं आणखी सरकवला होता. सगळीकडं दोष शोधला, पण माझ्या कागदाकडं बघितलं नाही.

त्यांनी लगदा सोलून वाचला. "'आम्हाला पूल द्या.' झकास लिवलंय. पर इंजिनाला वाचता येत न्हाई."

जीप निघाली. वहिनी वाचली. मुलगी पोटातच गेली होती. "तासभर आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. त्या तासातला थोडा पुढाऱ्याचा, थोडा माझा. वहिनीनं मला कधी बोल लावला नाही, आणि ते जास्त जड आहे.

चाचांचं नाव विचारायचं राहिलं. नंतर दौंडला दोनदा शोधलं, सापडले नाहीत. ते वंदनेमुळं आले का, यावर मी वाद घालणार नाही. आता सकाळी आईशेजारी बसतो. हात जोडले की निदान ते रिकामे आहेत हे दिसतं, आणि कुणी काही दाखवलं तर बघायला मन मोकळं राहतं. त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत.

ओढ्यावर पूल अजून नाही. पूल सरकारनंच द्यायचा, ती मागणी सोडलेली नाही. पण पुढची बाई तोवर थांबणार नाही. दगड टाकून पाण्यातून गाडी जाईल अशी फरशी करायची आहे. हे वाचून हळहळू नका. येत्या रविवारी सकाळी ओढ्यावर या, आणि येताना फावडं आणा.