मामाचा परत न गेलेला बोनस

सरकारनं तुमच्या-माझ्या करातून एखादी बुडणारी कंपनी वाचवली आणि त्याच वर्षी तिच्या वरच्या साहेबांनी बोनस घेतला, तर त्यातल्या एखाद्या साहेबाच्या मयताला तुम्ही जाल का? मी गेले. तो माझा मामा होता. महिना-दीड महिना झाला. सकाळी मामीचा फोन आला, "अगं, मामा उठत नाहीये..." आणि मी खांदा कॉलनीत पोचेपर्यंत त्यांच्या जिन्याखाली चपलांचा ढीग जमला होता.

माझे बाबा कामगार संघटनेचे कार्यकर्ते. मी वाचायला शिकले ती त्यांची पत्रकं वाचत, आणि सुट्टीत बाकीची पोरं खेळत असायची तेव्हा मी जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायची. मामा नेमका पलीकडच्या बाजूचा. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डच्या कंपनीत हिशेबनीस म्हणून लागला आणि चढत चढत अर्थ विभागाचा प्रमुख झाला. दारात मला बघितलं की म्हणायचा, "काय पत्रकबाई, आज कुणाचा धिक्कार?" बाबांशी त्याचे वाद व्हायचे, पण ते जेवायच्या आधी. जेवताना दोघंही फक्त आमटीबद्दल बोलायचे. मोठा साहेब झाल्यावरही त्यानं खांदा कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर सोडलं नाही. लिफ्ट नाही म्हणून मामी कुरकुरायची, तर म्हणायचा, इथे भाजीवाल्याला माझं नाव माहितीय.

त्याच्या वर्षातला सगळ्यात मोठा सण म्हणजे हरेशच्या शेतातली पोपटी. हरेश जासईचा, यार्डात क्रेन चालवायचा, कंत्राटी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की त्याचा फोन यायचा आणि मामा गॅलरीतलं काळं पडलेलं मडकं गोणपाटात गुंडाळून निघायचा. दोन-तीनदा मीही गेले. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, तोंड पाल्यानंच बंद करायचं, मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. ऑफिसच्या पँटीत उकिडवा बसलेला मामा मधूनमधून त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बघायचा. थेंब चर्र करून उडाला की पोपटी झाली. तो मान हरेशनं त्याला देऊन टाकला होता. धुरानं डोळे चोळत मामा हसायचा, तसा तो ऑफिसच्या कुठल्याही फोटोत हसलेला नाही.

मग कंपनी बुडायला आली. कर्ज काढून घेतलेल्या जमिनी, कर्ज काढून आणलेल्या क्रेन, आणि बोटी दुसऱ्याच बंदराकडे वळलेल्या. सरकारनं पॅकेज दिलं. हजारोंचा रोजगार वाचला, असं सगळीकडे सांगितलं गेलं. त्या हजारोंत हरेश नव्हता. खर्चकपातीत पहिले कंत्राटी लोक गेले, शेवटच्या महिन्यांचा पगार न मिळताच गेले. कंपनीनं ठेकेदाराकडे बोट दाखवलं, ठेकेदारानं कंपनीकडे. आणि त्याच वर्षी वरच्या सहा साहेबांना बोनस जाहीर झाला. कारण दिलं होतं की अशा काळात चांगली माणसं सोडून जाऊ नयेत! क्रेनवर पंधरा-सोळा तास काढणारी माणसं गेली तरी चालतात, केबिनमधली टिकवावी लागतात... मी पत्रक काढलं. सहाही नावं टाकली, सगळ्यात वर मामाचं. एसटी स्टँडवर वाटलं, यार्डाच्या गेटवर वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामानं मला घरी बोलावलं. पत्रक टेबलावर होतं. म्हणाला, "माझं नाव पहिलं का? मी तिसऱ्या नंबरवर आहे." मी हसले नाही. मग तो हळूच म्हणाला, "परत केला होता गं मी. दोनदा."

माझा विश्वास बसला नाही. त्यानं सांगितलं ते असं. पहिल्यांदा त्यानं रक्कम कंपनीच्या खात्यात परत भरली, तर पगार विभागानं ती पुन्हा त्याच्याच खात्यात टाकली, कारण दिलेला बोनस परत आला तर कुठल्या खात्यात दाखवायचा याची सोयच नव्हती. दुसऱ्यांदा भरायला गेला, तर वरच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून समजावलं, तुम्ही परत केलात तर आम्ही पाच जण चोर ठरतो. मग त्यानं पॅकेज देणाऱ्या सरकारी खात्याला लिहिलं. उत्तर आलं की हा कंपनीचा अंतर्गत प्रश्न आहे. कंपनी वाचवताना ती सरकारची होती, बोनस वाटताना तिची ती झाली.

"मग राजीनामा दे," मी म्हटलं. तो म्हणाला, कंत्राटी लोकांच्या थकलेल्या पगाराचा प्रस्ताव मीच लावून धरलाय, मी गेलो की तो दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाईल. मामा गेला नाही. प्रस्तावही पुढे गेला नाही.

त्या थंडीत हरेशचा फोन आला नाही, तरी मामा जासईला गेला. मडकं घेऊन, आणि चेकबुक घेऊन. मी बरोबर होते. हरेशनं मडकं घेतलं, पाला आणला, जाळ केला. सगळं नेहमीसारखं. मामानं चेकचा विषय काढला तेव्हा त्यानं विस्तवातली काटकी सरकवत ऐकून घेतलं.

"साहेब, तुमी खिशातून दिलं तर ती तुमची मेहेरबानी," तो म्हणाला. "आमी मेहेरबानी नाय मागत. आमचं पैसं कंपनीकडं हाय. ती देल तवा घेऊ."

हरेशनं पाण्याचा तांब्या मामाच्या हातात दिला. "शिंपडा आता. शेंगा करपतील."

परत येताना गाडीत मामानं विचारलं, "पत्रकबाई, तूच सांग. कुणाला देऊ?" माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर मागणी असते, घोषणा असते. पळस्पे फाटा आला, पनवेल आलं, मला काही सुचलं नाही. पैसे वेगळ्या खात्यात पडून राहिले. मामानं त्यातून एक रुपया काढला नाही.

शोकसभेत वरचे साहेब बोलले. कंपनीच्या कठीण काळात टिकून राहिलेला माणूस, असं म्हणाले. मागच्या रांगेत हरेश उभा होता, तो खाली बघत राहिला. आता बँकवाले मामीला विचारतात, वारस म्हणून ते पैसे तुमच्या नावावर करू ना? मामी म्हणते, मला त्यातला चहासुद्धा नको. मी बाबांना विचारलं, यावर पत्रक काढू का? आयुष्यभर पत्रकं काढलेला माणूस म्हणाला, "मागणी कुणाकडे करायची तेच कळत नसेल, तर पत्रक कसलं काढतेस?"

परवा हरेशचा मामीला फोन आला होता. शेंगा भरल्यात, म्हणाला, मडकं कोण आणनार? मामीनं नुसतंच "बघू" म्हटलं. मडकं गॅलरीत आहे, मामानं ठेवलं तसंच, उलटं. मामी त्याच्या कडेनं झाडू मारते. मला ते उचलवत नाही.

म्हणून हे पत्रक तुमच्या नावे. पुढच्या वेळी एखादी कंपनी तुमच्या पैशानं वाचवल्याची बातमी आली, तर तुमच्या खासदाराच्या कार्यालयात जा आणि एवढंच विचारा, की खालच्यांचे पगार चुकते होण्याआधी वरच्यांनी घेतलेला बोनस परत कुठे भरायचा? उत्तर लेखी मागा. मिळेपर्यंत उठू नका.