एक टीबीचं कार्ड आणि आल्बिना मावशी

सांडोरच्या कॉन्रॅडने निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला आणि गावातल्या एकाही केळीच्या घडाला खासगी आयुष्य उरलं नाही. बाप्तिस्मा असो की पंपाची दुरुस्ती, तो सगळं टिपायचा. टिपलेलं बघायचं काम मात्र त्याने पुढच्या पिढ्यांवर सोडलं होतं.

पुतणी जोआनाच्या लग्नासाठी त्याने वसईच्या बाजारातून, छत्र्या नि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडून, नवं मेमरी कार्ड आणलं. नखाएवढ्या तुकड्यावर सोनेरी अक्षरं: १ टीबी.

"अख्खं गाव मावेल यात," त्याने बायकोला, कार्मिनला, ऐकवलं.

"आधी पूर्ण भरून, परत उघडून बघितलंस का?"

"कॉम्प्युटरपण एक टीबीच दाखवतो."

"कॉम्प्युटर कार्डालाच विचारतो नि ते सांगेल ते दाखवतो. मुलाचा पगार वरपक्षालाच विचारल्यासारखं."

कॉन्रॅड हसला. म्हणजे त्याने ऐकलं नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने सकाळपासून मांडव टिपला, मांडवाचे खांब टिपले, कांदा चिरणाऱ्या बायका टिपल्या, मग तोच कांदा जवळून. संध्याकाळी त्याची ब्याऐंशी वर्षांची आल्बिना मावशी लग्नाची गाणी म्हणायला बसली. ती गाणी कुठे लिहिलेली नव्हती आणि पुढच्या गुरुवारी मावशीच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज पूर्वीसारखा राहील, असं सांगायला डॉक्टर तयार नव्हते. म्हणून जोआनाने एकच मागितलं होतं, "काका, लग्नाला फोटोग्राफर आहे; बाकी काही नको, आजीची गाणी तेवढी नीट घे."

सोमवारी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. नावं सगळ्या फाइलींची होती. खांब उघडले. कांदा उघडला, दोन्ही अंगांनी. गाणं एकही उघडेना.

कार्मिनने कार्ड तपासलं. आत खरी जागा सोळा जीबी. ती भरल्यावरही कार्ड पुढचं सगळं घेतल्याचं सोंग करत राहिलं होतं. कॉन्रॅड खुर्चीत बसून राहिला. टिपण्यासारखं त्याला प्रथमच काही दिसेना.

"गुरुवारला अजून तीन दिवस आहेत," कार्मिन म्हणाली. शिवणाच्या डब्यातून तिने जुनं बत्तीस जीबीचं कार्ड काढलं, नवऱ्याच्या जुन्या व्हिडिओंनी काठोकाठ भरलं, एकेक उघडून पाहिला. ते व्हिडिओ कुणाच्या उपयोगी पडण्याची ती पहिलीच वेळ. मग कार्ड रिकामं करून दोघं मावशीकडे गेली.

"परत गाऊ? मग त्या दिवशी काय केलंस?"

"मावशी, कार्ड फसवं निघालं."

"कार्ड राहू दे. मी पहिलं गाणं कोणतं म्हटलं, सांग."

कॉन्रॅडने कार्मिनकडे पाहिलं. कार्मिनने छताकडे.

"ती कॅमेऱ्याची डबी हिच्याकडे दे. तू इथे बस, टाळीने ताल धर. चुकलास तर पहिल्यापासून!"

पहिलं गाणं चारदा झालं. प्रत्येक वेळी मावशी "गाढवा!" म्हणून थांबली. कार्मिनने रेकॉर्डिंगमधलं काही पुसलं नाही. घरी येऊन सगळं दोन ठिकाणी उतरवून ठेवलं.

ऑपरेशननंतर मावशीला महिनाभर बोलायची बंदी होती. पुढे आवाज कसा निघेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. जोआनाने तिच्यापुढे मोबाइल धरून गाणं लावलं. मावशी डोळे मिटून ऐकत होती. टाळी चुकली तिथे तिने डोळे उघडले, दाराशी उभ्या कॉन्रॅडला शेजारी बसायची खूण केली आणि जोआनाला बोट फिरवून सांगितलं: पहिल्यापासून.