ओडिन चोवीस, बाल्डर चोवीस

बाबा हल्ली परदेशी देवांच्या नावांतल्या अक्षरांना आकडे देऊन बेरजा करत बसतात. आज एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर केलेली बेरीज त्यांनी मला दाखवली. "उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातला हा ओडिन, चोवीस. त्याचा मुलगा बाल्डर, तोही चोवीस. बापलेक कसे जुळलेत बघ."

मी मान डोलावली. परक्या देवांचं बरं असतं. बेरीज चुकली तरी त्यांच्यातलं कुणी घर सोडून जात नाही. दादाने पसंत केलेल्या मुलीचा आकडा आमच्या घराला जुळेना, म्हणून बाबांनी नाही म्हटलं होतं. दादा गेला, तो गेलाच.

मी कागद उलटून पाहिला. पत्रिका दादाच्याच लग्नाची होती. आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं.